तारा क्रमांक २१७ चा खुलासा

ढवळगडच्या वेधशाळेने गैरहजेरीची तिसरी नोटीस काढली, तेव्हा तारा क्रमांक २१७ मंगळवारी सकाळी अकरा वाजता समक्ष खुलासा द्यायला आला. म्हातू शिपायाने पडदे ओढून घेतले आणि त्याला लोखंडी खुर्ची दिली. लाकडी खुर्चीचा अनुभव कार्यालयाने एकदा घेतला होता.

नोटीस नियमानुसारच होती. वेधांचे छापील तक्ते अकरा वर्षांपूर्वी संपले. नवे आले नाहीत, आणि कोठीत हजेरीपट मात्र पोत्यांनी पडून होते. तेव्हापासून आकाशाची नोंद हजेरीपटावर होऊ लागली. गुरू ग्रह आडवा आला की मागचा तारा दिसेनासा होतो, म्हणून गैरहजर. चौथ्यांदा तसे झाले की नाव यादीतून कमी, आणि यादीत नसलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवायची नाही. २१७ शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा गुरूमागे जाणार होता.

"मी कुठे जात नाही," तारा म्हणाला. "गुरू मध्ये येतो. नोटीस त्याला द्या."

"गुरू हजर असतो," अधीक्षक हर्डीकर म्हणाले. "त्याच्याबद्दल तक्रार नाही."

पलीकडच्या टेबलावर निरीक्षक प्रमिला वाघचौरे ऐकत होत्या. हा तारा दिवा मालवल्यासारखा एकदम जात नसे. ग्रहाच्या वरच्या विरळ हवेत शिरताना त्याचा उजेड मंदावे, मध्येच लकाके, परत मंदावे. त्या लुकलुकीवरून बाईंनी तिथल्या हवेचे थर मोजले होते. कुठला उष्ण, कुठला गार. वेधशाळेला जगाला सांगण्यासारखे एवढेच ठाऊक होते, आणि ते याच्या गैरहजेरीतून आले होते.

"साहेब, तो त्या वेळी काम करत असतो."

"कुठे?"

"गुरूच्या हवेत."

"म्हणजे इथे नाही. गैरहजर."

"तुम्ही मागच्या महिन्यात पाच दिवस महाबळेश्वरला होतात. पटावर काय लागलं?"

"दौऱ्यावर. ती गोष्ट वेगळी आहे, बाई. मी पाहणी केली."

"स्ट्रॉबेऱ्या गोड होत्या," म्हातू दाराशी म्हणाला.

हर्डीकरांनी चष्मा पुसला. "शुक्रवारी पटावर त्याच्या चौकटीत 'गैरहजर'शिवाय दुसरं काही दिसलं, तर तुमचीही हजेरी मला बघावी लागेल."

"बघा की. नसलेलं लिहून टिकवलेली नोकरी मला नको."

तारा खुर्चीत अवघडला. "बाई, माझ्यापायी तुम्हाला त्रास नको."

"तुमच्यापायी नाही हो. मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्यापायी. तुम्ही नेहमीसारखे जा. आणि घाई करू नका, दुसऱ्या थराचा आकडा मला नीट घ्यायचाय."

शुक्रवारी सात वाजून बारा मिनिटांनी २१७ मंदावला, दोनदा लकाकला आणि गेला. बाईंनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि त्याच्या चौकटीत शाईने लिहिले: दौऱ्यावर.

"खोडा ते," मागून हर्डीकर म्हणाले.

"नाही खोडणार."

हर्डीकरांनी कर्मचाऱ्यांचा हजेरीपट मागवला, समोर बसलेल्या बाईंच्या नावापुढे गैरहजर अशी खूण केली आणि खाली सही ठोकली. मग ते म्हणाले, "आता दुर्बिणीवरून उठा."

म्हातूने पटात पाहिले. "कुणाला सांगताय साहेब? बाई आलेल्या नाहीत."

गैरहजर माणसाला हुकूम देता येत नाही, हे हर्डीकरांना नियमावलीत दोनदा शोधूनही मान्य करावे लागले. तारा गुरूपलीकडून बाहेर येईपर्यंत बाई बसून राहिल्या.

सोमवारच्या टपालाने २१७ चा दौरा अहवाल आला. वरचा थर अपेक्षेहून उष्ण. दुसऱ्यात गारवा, निरीक्षकांचा आकडा बरोबर. पाकीट कडेला थोडे करपले होते.

दौऱ्याचा अहवाल आल्यावर दौरा झालाच नाही असे म्हणायची सोय नव्हती. हर्डीकरांनी त्यावर आवकचा शिक्का मारला. वाघचौरेबाई त्या दिवशीही गैरहजर होत्या. शिक्क्याची गादी त्यांनीच पुढे सरकवली.