दोन बोटं लूज

"दोन मिनिटांचं काम आहे!" मास्तर म्हणाले. ज्या दिवशी माणूस असं म्हणतो, त्या दिवशी त्याने घड्याळ उशीखाली घालून ठेवावं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकाम करणारे मास्तर. खाली दुकान, वर घर, आणि मध्ये दोन भिंतींत चेपलेला जिना. मापाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाकडे बघून ते "कॉलर साडेपंधरा" असं पुटपुटत. गळ्यातली टेप जेवतानाही काढत नसत. त्यामुळे कपाट करायचं ठरल्यावर सुतारमिस्त्रींनी "माप घ्यायला कधी येऊ?" असं विचारलं, तेव्हा मास्तरांचा अपमानच झाला.

"मिस्त्री, तुम्ही रंधा मारा. मापं आमच्याकडे!"

कपाट होतं बायकोसाठी. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. त्या दुपारी मैदानावर, शिकवणीच्या मोटारीवर, वहिनींची गाडी चालवण्याची परीक्षा होती. आदल्या खेपेला गाडी मागे घेताना त्यांनी दोन्ही खांब आडवे केले होते, आणि त्या घरी पोचायच्या आत ती बातमी त्यांच्या जावेपर्यंत पोचली होती. जाऊबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे गं, सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे?" झालं! वहिनींनी फोन ठेवला आणि भर जेवणात जाहीर केलं, "या खेपेला पास नाही झाले, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही!" आणि वहिनी बोलून विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

मास्तरांचा बेत असा, की त्या परीक्षेहून परत येतात तो झोपायच्या खोलीत नवं कोरं कपाट उभं! पास झाल्या तर बक्षीस, नापास झाल्या तर समजूत. दोन्हीकडून सोय. पण मिस्त्रींचा टेम्पो लवकर आला. वहिनींना मैदानावर न्यायला आलेला त्यांचा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, तोही लवकर आला. वहिनी वर आंघोळीला गेलेल्या. व्यायामशाळेत जाऊन जाऊन दारातून तिरपा शिरणारा मेहुणा आयता हाताशी! मास्तरांच्या अंगात संचारलं.

"ती तयार होऊन बाहेर येईपर्यंत कपाट खोलीत! चला, उचला!"

मास्तरांची आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. "मी सांगत होते, पेटीच बरी होती," एवढं बोलून त्यांनी देखरेखीला सुरुवात केली.

जिना खाली ऐसपैस आणि वर जाता जाता निमुळता. अगदी निमुळत्या जागी माप घेऊन, त्यात बसेल तेवढं रुंद कपाट मास्तरांनी करायला सांगितलं होतं. मेहुणा वरून ओढायला, मिस्त्री आणि मास्तर खालून रेटायला. कपाटाची दारं वरच्या बाजूला, म्हणजे पॉलिशला आपला धक्का लागायला नको. खालच्या पायऱ्या तर कपाट असं चढलं की आईंनीही मान डोलावली.

"ओढ! ओढ! शाब्बास! जरा जोर लाव की, खातोस कशाला एवढं?" मास्तर खालून ओरडले.

शेवटच्या वाक्याने मेहुणा पेटला. त्याने डोळे मिटून असा हिसका दिला, की कपाट कर्र करून वर सरकलं आणि दोन भिंतींच्या मध्ये बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसलं.

"आता खाली घ्या जरा," मिस्त्री म्हणाले.

खाली येईना. वर जाईना. हलेना! मास्तरांनी खांदा लावला, मिस्त्रींनी पाठ लावली, मेहुण्याने वरून लाथा घातल्या. कपाट ढिम्म.

"अहो, कसला आवाज तो?" वरून वहिनींचा आवाज आला.

"काही नाही! तू तयार हो!"

"भिंत पडली का?"

"अजून नाही!" आई खालून म्हणाल्या.

वहिनी पर्स खांद्याला लावून घाईघाईने बाहेर आल्या. कपाटाच्या दाराला मास्तरांनी हौसेने मोठा आरसा बसवून घेतला होता. वहिनींना काय दिसलं? खालून कुणी बाई तणतणत अंगावर येते आहे! "अहो बाई, सरका बाजूला, परीक्षा आहे माझी!" त्या खेकसल्या. समोरचीही तेवढ्याच जोरात खेकसली. मग आरशाखाली पायरीवर घामाघूम बसलेला भाऊ दिसला, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे कपाट आहे?"

"तुझ्यासाठी!" पलीकडून मास्तरांचा आवाज आला. "आवडलं का?"

वहिनींनी आरशात पाहून केस सारखे केले. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. आता मी खाली कशी येऊ?"

हा प्रश्न खाली कुणाला सुचलाच नव्हता! दुसरा जिना नाही. खिडक्यांना गज. आणि परीक्षेची वेळ तर मांजरासारखी पावलं न वाजवता जवळ येत होती. वहिनी नापास झाल्या असत्या तर ते त्यांच्या नशिबावर गेलं असतं. पोचल्याच नाहीत, तर ते मास्तरांच्या कपाळावर जन्मभर राहणार होतं!

घाबरलेला माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो. "मिस्त्री, कपाट मोठं केलंत तुम्ही!"

"मी?" मिस्त्रींनी खिशातली टेप सर्रकन ओढली आणि कपाटाला लावली. "हे बघा! तुम्ही सांगितलं तेवढंच, केसभरही जास्त नाही! तुमचा जिनाच अरुंद आहे."

"जिना कसा अरुंद असेल? मी माझ्या हातानं मोजलाय!"

"मग भिंती फुगल्या असतील!"

"फुगताहेत तुमच्या अकला!"

"अहो," वहिनींनी आरशातूनच विचारावं तसं विचारलं, "तुम्ही जिन्याचं माप घेतलंत. मग मिस्त्रींना सांगताना त्यात लूज धरलंत का?"

खाली एकदम सामसूम झाली. इतकी, की आईंनी खुर्चीतून वाकून मुलगा जागेवर आहे ना ते पाहिलं.

"धरलं," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

"किती?"

"नेहमीचंच. दोन बोटं."

"कपाटाला?"

"सवय गं! माप घेतलं की दोन बोटं वाढवायची. आवळ होऊ नये म्हणून..."

उभ्या आयुष्यात मास्तरांनी एकाही गिऱ्हाइकाचा सदरा आवळ होऊ दिला नव्हता, आणि जिन्याचाही होऊ दिला नाही! मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. मेहुणा हसायला लागला, तशी वहिनींनी त्याच्या पाठीत धपका घातला.

"तेल ओता," आई म्हणाल्या. "बोटात अडकलेली अंगठी निघते, तर कपाट का नाही?"

घाबरलेल्या घराला कुठलाही सल्ला शहाणपणाचा वाटतो. बाटलीभर तेल भिंतींच्या कडेने ओतलं. कपाटाने ते प्यायलंसुद्धा नाही, सगळं पायऱ्यांवर उतरलं. मिस्त्रींनी "एक, दोन" म्हणून जोर लावला आणि तीन म्हणायच्या आत ते जिना उतरून, दुकान ओलांडून, शाळेच्या गणवेशांच्या ढिगात जाऊन बसले होते.

"करवत आणा!" मास्तर ओरडले. "कापू!"

"माझ्या हातचं नवं कपाट?" गणवेशांतून मिस्त्री गरजले. "आधी मला कापा!"

"मग उपाय सांगा! तिचं काय करू मी? आठवडेच्या आठवडे झोपेत गिअर बदलत होती हो ती, माझ्या पायावर!"

हे ऐकून मिस्त्री विरघळले. सगळं कपाट डिंक घालून सांध्यात ठोकलेलं, पण पाठीची फळी तेवढी खिळ्यांवर होती. "पाठ काढतो," ते जड आवाजात म्हणाले. "पण मग ते कपाट नाही राहणार, मास्तर. दरवाजा होईल तो."

"होऊ द्या!"

फळी निघाली. वहिनींनी वरून दारं उघडली. एका बाजूला कप्पे, दुसऱ्या बाजूला कपडे टांगायची उभी जागा, आणि पलीकडे मास्तरांचा रडवेला चेहरा! पायऱ्या उतरत्या आणि तेलकट, म्हणून वहिनींना पाठमोरंच यावं लागणार होतं.

"येऊ दे, येऊ दे!" मास्तर हात हलवत ओरडू लागले. "थोडं डावीकडे! बास! आता सरळ घे!"

"ताई, दांडी वर आहे, डोकं खाली!"

"उजवीकडे कमी! कमी! हां, येऊ दे, येऊ दे..."

कुठेही न घासता, पर्ससकट, वहिनी बाहेर आल्या! आईंनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ मेहुणा शिरला आणि खांद्यांशी अडकला.

"गाडीची चावी दे!" मास्तर म्हणाले.

"खिशात आहे. हातच खाली जात नाही!"

आता त्याला सोडवत बसायला वेळ कुठला? मिस्त्रींनी तेलकट हातांनीच टेम्पो सुरू केला, वहिनी उडी मारून शेजारी बसल्या, आणि हॉर्न वाजवत दोघं गेली.

मास्तरांची ती दुपार सरता सरेना. मेहुणा शर्ट काढून, श्वास सोडून, एकदाचा निघाला. मास्तर दुकानाच्या दारात येरझाऱ्या घालत होते. एका गिऱ्हाइकाने "मास्तर, पँट झाली का?" विचारलं, तर ते म्हणाले, "वेळेवर पोचली असेल तर होईल!"

शेवटी टेम्पो वळला. मिस्त्री हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हते. वहिनी खाली उतरल्या.

"खांब?" मास्तरांनी श्वास रोखून विचारलं.

"उभे आहेत! दोन्ही उभे आहेत!"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हवेत उडवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. आईंनी सुनेला जवळ घेतलं आणि जाऊबाईंना फोन कुणी करायचा यावरून भांडण सुरू झालं.

"परीक्षा घेणारे साहेब थक्क झाले," वहिनी सांगत होत्या. "म्हणाले, मागच्या खेपेला काय प्रकार केला होतात, आणि आज इतकी सफाई! मागं घ्यायला शिकवलं कुणी? मी सांगितलं, नवऱ्यानं."

मास्तरांची छाती नेहमीच्या मापाबाहेर गेली. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, आईंकडे तर दोनदा पाहिलं. "मग? मग काय म्हणाले?"

"म्हणाले, वा! कुठल्या गाडीवर शिकवलं?"

"आणि तू?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, कपाटात. नशीब माझं, त्यांची सही आधी झाली होती!"

"चहा टाकतो," असं पुटपुटून मास्तर जिना चढले, आणि डोकं वाकवून, कपाटातून, मुकाट्याने आपल्या घरात गेले.