दिगंबरकाकांचं इंजिन आणि काकूंचा उजवा कान

आमचे शेजारी दिगंबरकाका लांब पेचकसाचं टोक यंत्राला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. पाण्याची मोटर, फ्रिज, आमचा मिक्सर, काही सुटलेलं नाही. जिना चढून मला धाप लागली तेव्हा त्यांनी पेचकस थेट माझ्या छातीला लावला. म्हणाले, "टॅपेट टाइट झालंय सायेब. चालत जात जा." मी लेखापरीक्षणातला माणूस, आकड्याशिवाय बोललेलं मला पटत नाही. पण पुढे डॉक्टरांनीही रक्तदाब मोजून चालायलाच सांगितलं.

काका पाटबंधारे खात्यात होते. मुखेडला असताना घेतलेली, उजव्या पायाला गिअर असलेली त्यांची मोटारसायकल नांदेडच्या घरात वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अचानक तिचं इंजिन उतरवलं. काकूंच्या पुरणाच्या परातीत डिझेल ओतून नटबोल्ट भिजत घातले. क्लचप्लेटा तुळशीच्या कट्ट्यावर वाळायला ठेवल्या.

गल्लीला याचा राग आला, कारण त्याच महिन्यात काकूंच्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. काकूंचा डावा कान पूर्ण गेलेला, उजवा जाण्याच्या वाटेवर. उजव्याचं ऑपरेशन लातूरला होतं. डॉक्टर आशा देत होते, खात्री देत नव्हते. "बायको बहिरी होऊन राहिली आणि हा माणूस पिस्टन घासून राहिला," असं माझी बायकोच म्हणाली. मी तसं त्यांना सरळ विचारलं.

काका रिंगा बसवत होते. म्हणाले, "मुखेडला मी वळणावर आलो की ही तवा ठेवायची. अर्ध्या कोसावरून आवाज ओळखायची. डॉक्टरचं मशीन मला न्हाई कळत. हिला गाडी ऐकू आली, की कान आला."

ऑपरेशनला मी सोबत गेलो. कानातलं बारीकसं हाड काढून त्याजागी नवा तुकडा बसवला होता. काका डॉक्टरांसमोर हात पुढे करून उभे राहिले. त्यांना जुना पार्ट हवा होता. गॅरेजवाला जुना पार्ट हातात देत नाही तोवर नवा घातलाय हे मानायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. डॉक्टर हसले आणि तो टाकून दिल्याचं म्हणाले.

कानातला बोळा निघाला की काही दिवस मोठा आवाज नको, अशी सूचना होती. काकांची सगळी परीक्षाच तिथे अडली. मग त्यांनी गाडीचा स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालतं तो वेग, उतरवायला घेतला. कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचा. थोडा जास्त फिरला की इंजिन बंद. मी गाडीच्या पुस्तकातला पॉइंटच्या गॅपचा आकडा वाचून दाखवला. त्यावर, "आकडा पुस्तकात हाय, कान घरात हाय," असं म्हणून त्यांनी परत स्क्रू फिरवला.

बोळा काढायला ते दोघंच गेले. दुपारी परत आले. काकू आत जाऊन बसल्या. कसं काय, असं मी खुणेनंच विचारलं. डॉक्टरांनी सुधारणा आहे म्हटलंय, पण आपण रस्ताभर हिला काही विचारलं नाही, असं काका म्हणाले.

काकांच्या तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. इतकं हळू, की प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. काका दाराकडे बघत उभे. आत काही हालचाल नाही. मला आमच्या अंगणात उभं राहवेना.

मग आतून काकूंचा आवाज आला. "अहो, मधी एक ठोका चुकून राहिला की."

काकांनी इंजिन बंद केलं. स्वतःच्या कामातली चूक ऐकून इतका सुखावलेला मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. मीही सुटलो एकदाचा. अभिनंदन करायला कुंपणापाशी गेलो आणि म्हटलं, आता ओरडून बोलायची कटकट संपली.

काका हात पुसत खाली बघत म्हणाले, "चहा दे, लाइट गेली, दार लाव, एवढंच ओरडता येतं सायेब. बाकीचं काही ओरडून सांगता येत न्हाई. ते राहूनच गेलं सगळं."

काकू बाहेर येऊन पायरीवर बसल्या. काका त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि बोलायला लागले, अगदी खालच्या आवाजात. मला एक शब्दही ऐकू आला नाही. काकू मात्र मधूनमधून "हाव" म्हणत मान हलवत होत्या.