लवंगतेलाचे चार थेंब

"माह्या घरात डॉक्टर येईन तं फक्त पाव्हना म्हून येईन!" असं तानाबाई अख्ख्या बोरगाव मेघे गावात छातीठोकपणे सांगायच्या. आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती आणि पेटीत सात बाटल्या. निलगिरी, लवंग, पुदिना, ओवा, कापूर, गंधपुरा यांची तेलं, आणि सातवीत या सहांची खिचडी. नातवाचा गुडघा फुटो, सुनेचा हात पोळो की शेजारणीचं डोकं धरो, पेटी उघडलीच! वास असा उग्र, की चार घरं पलीकडचे लोक नाक दाबत म्हणायचे, "आज तानाबाईकडे कोनीतरी पडलं वाटते!"

सगळ्यात जुने पेशंट म्हणजे त्यांचे मालक नत्थूजी. जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर कापूस तोलत अठ्ठावीस वर्षं उभा राहिलेला माणूस. बोलणं इतकं कमी, की पायावर बैलगाडी चढली असती तरी नत्थूजींनी गाडीवानाला आधी रामराम घातला असता!

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये नत्थूजी निवृत्त व्हायचे होते आणि जिनिंगमध्ये निरोपसमारंभ ठरला होता. नवल म्हणजे, हा माणूस पंधरा दिवसांपासून भाषण लिहीत होता! तीन कागद झाले. तानाबाईंनी दहादा मागितले, पण नत्थूजींचं एकच, "तिथंच ऐकजो."

आणि नेमकी समारंभाच्या दिवशी सकाळी नत्थूजींची दाढ ठणकली. गाल पुरीसारखा फुगला.

"डॉक्टरकडं जाऊन येतो," नत्थूजी कण्हत म्हणाले.

"आज? अन् मी घरात असून?" तानाबाईंनी पेटी ओढली. "आ करा!"

खरं तर लवंगेच्या तेलाचा एक थेंब पुरतो. पण एवढा मोठा दिवस, नवऱ्याचं आयुष्यातलं पहिलं भाषण! तानाबाईंनी प्रेमानं चार थेंब टाकले. कापसाचा बोळा दाढेवर बसला, तिथून घसरला आणि थेट जिभेखाली जाऊन विसावला. पाच मिनिटांत दाढ गप्प झाली.

"कसं वाटते?"

"बलं वाटते," नत्थूजी म्हणाले.

तानाबाईंना वाटलं, लाडात आले! त्यांनी आणखी खबरदारी म्हणून सातव्या बाटलीतलं तेल रुमालावर शिंपडलं आणि तो रुमाल नत्थूजींच्या खिशात कोंबला. "सभेत ठसका लागला तं हुंगजा."

चार वाजता शेडमध्ये सगळे जमले. मजूर, हमाल, कारकून आणि समोर मॅनेजर प्रभाकरराव. हे असे करडे गृहस्थ, की त्यांना हसताना पाहिल्याचा दावा फक्त एका म्हाताऱ्या हमालानं केला होता, आणि त्यालाही अंधुकच दिसायचं. हार घालून झाले. नत्थूजी उठले, घसा खाकरला.

"मानणीय मॅनेजल शायेब..."

आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली! नत्थूजींनी घाईनं रुमाल काढून तोंड पुसलं. मग घाम पुसला. मग डोळे पुसले. झालं! दोन्ही डोळ्यांतून असा पूर लोटला की बस.

मागून कोणीतरी गहिवरून म्हणालं, "पाहा गा, किती जीव हाये जिनिंगवर!"

प्रभाकररावांनाही राहवलं नाही. ते धावले, त्यांनी नत्थूजींना मिठी मारली. त्यांचेही डोळे जरासे पाणावले. नत्थूजींनी अदबीनं आपला रुमाल पुढे केला. साहेबांनी तो डोळ्यांना लावला मात्र, आणि हंबरडाच फोडला! मॅनेजर रडतो म्हटल्यावर हमाल कसले थांबतात? ते बिचारे बिनतेलाचेच रडू लागले.

बायकांच्या रांगेत बसलेल्या तानाबाईंनी मात्र नाक वर केलं. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. पंधरा दिवस या माणसानं कागदावर मान मोडली, आणि आपण त्याची जीभच बंद केली! त्या उठल्या. भरसभेत कधी तोंड न उघडलेली बाई डोक्यावर पदर घेऊन तरातरा पुढे गेली.

"द्या तो कागद. मी वाचतो."

नत्थूजींनी घाबरून खिशावर हात दाबला. "नतो! नतो!"

"लाजता काऊन? चवथी शिकली हावो मी!" तानाबाईंनी कागद ओढून काढले आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली.

पहिल्या कागदावर आभार होते. दुसऱ्यावर लिहिलं होतं, "साहेबांनी एकाहत्तर साली मले काट्यापाशी बसाले खुर्ची देतो म्हनलं होतं. मी अजून उभाच हावो." शेडमध्ये हशा पिकला. प्रभाकरराव डोळे चोळतच उठले, स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी नत्थूजींना तिच्यावर बसवलं. "घरी घेऊन जा नत्थूजी! तुमचीच हाये!"

मग आला तिसरा कागद.

"माह्या घरची तानाबाई..." तानाबाई अडखळल्या. कान लाल झाले.

"वाचा ना वहिनी!" लोक ओरडले.

"...रोज संध्याकाळी माही पाठ तेलानं चोळते. खरं सांगतो, त्या तेलानं मले अठ्ठावीस वर्सांत काडीचा फरक पडला नाई."

शेड हसून फुटायचीच बाकी राहिली! तानाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताच्या पत्र्यांकडे पाहिलं. पण अर्ध्यात सोडणारी बाई ती नव्हेच. त्यांनी पुढच्या ओळीखाली बोट टेकवलं आणि वाचलं.

"पन चोळता चोळता ते इचारते, बरं वाटते काय? तवा बरं वाटते. दिवसभर काट्यापाशी कापसाले सारे इचारतात, किती भरला म्हून. मानसाले कोनी इचारत नाई. तिनं इचारलं, म्हून मी दुसऱ्या दिवशी परत कामावर येत गेलो."

टाळ्या कोणी आधी वाजवल्या ते कळलं नाही. प्रभाकरराव पुन्हा रडत होते, आणि या खेपेला रुमाल खाली पडलेला होता.

सायकलरिक्षात मधे खुर्ची आणि दोन बाजूंना दोघं, असे ते घरी आले. घरात पाय टाकल्याबरोबर तानाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अठ्ठावीस वर्सं फरक पडला नाई, अन् मले सांगतलं काऊन नाई?"

नत्थूजींची जीभ एव्हाना जाग्यावर आली होती. सदरा काढून ते सतरंजीवर पालथे झाले.

"सांगतलं असतं, तं चोळलं असतं काय तू?"

तानाबाई तिथंच खाली बसल्या आणि कोरडाच हात त्यांनी नत्थूजींच्या पाठीवर ठेवला.

"थोडं खाली," नत्थूजी म्हणाले.