गुळाचा गिलावा

माघातल्या सकाळी ऊन घाईने येत नाही. आधी ते समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर थांबते, मग शेजारच्या धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांना शिवते आणि बऱ्याच वेळाने, कुणी बोलावले म्हणून नव्हे तर वाट सापडली म्हणून, माळवदाच्या झरोक्यातून गोरक्षच्या माजघरात उतरते. उतरते तेही संकोचाने. प्रथम भिंतीवर नखाएवढा ठिपका. मग तो लांबतो, कणगीच्या पोटावरून घसरतो, चुलीपाशी बसलेल्या रतनबाईच्या पांढऱ्या केसांवर क्षणभर विसावतो आणि अखेर सारवलेल्या जमिनीवर धुतलेल्या उपरण्यासारखा पसरून राहतो. गोरक्ष अंथरुणात पडल्या पडल्या हा प्रवास रोज पाहत असे. त्या उजेडात सोन्याचे कण तरंगत, खाली येता येता दिशा विसरत, पुन्हा वर जात. चोवीस वर्षे त्याने त्या कणांकडे पाहून उसासे टाकले होते.

ती माती होती! फळ्यांच्या फटींतून अहोरात्र गळणारी, दुधात, पिठात आणि मुलांच्या निबंधवह्यांत समभावाने पडणारी माळवदाची माती! आणि त्या रविवारी सकाळी गोरक्षने तिचा कायमचा बंदोबस्त करण्याचे जाहीर केले.

"आई," तो उठून बसत म्हणाला, "येत्या शनिवारपासून या छतातून मातीचा एक कण जरी खाली आला, तरी मी गुरुजी म्हणवून घेणार नाही!"

"मंग काय म्हनवून घेशील?" रतनबाईने भाकरी उलटत विचारले.

"मी छताला गिलावा करणार आहे. सिमेंटचा. भिंतींनाही."

"नबीलाल गवंड्याला सांगितलं व्हय?"

"गवंडी कशाला? मी स्वतः करणार."

रतनबाईने मुलाकडे पाहिले. काष्टीच्या शाळेतला हा मास्तर फळ्यावर सरळ रेघ ओढू शकत नसे. त्याच्या रेघा दौंडच्या गाडीसारख्या निघत एकीकडे आणि पोचत भलतीकडे. पण माउलीने तो विषय काढला नाही. भलताच काढला.

"शनवारी मुक्ताच्या घरची घर बघाया येनार, म्हनून ह्यो सोहळा व्हय?"

"छे!" गोरक्षचे कान लाल झाले. "तिचा येथे काय संबंध? हा आरोग्याचा प्रश्न आहे."

"आन पोरगी? पसंत हाय का न्हाई, त्येबी अजून तू बोलला न्हाईस."

"तू ठरवशील तसे. माझे तसे काही नाही."

आता आरोग्याच्या प्रश्नाची हकिकत सांगितली पाहिजे. पंधरा दिवसांपूर्वी मायलेक मुक्ताला पाहायला अकोले तालुक्यात गेले होते. रिवाजाप्रमाणे मुलीने खाली मान घालून बसावे आणि मुलाकडच्यांनी प्रश्न विचारावेत. येथे खाली मान घातली ती गोरक्षने! अर्धा तास तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याचे निरीक्षण करत राहिला. शेवटी मुक्तालाच त्याची दया आली असावी. तिने सरळ त्याच्याकडे पाहून विचारले, "आमचं कौल पावसाळ्यात पान्यानं गळतं. तुमच्याकडली माळवदं बाराही म्हैने मातीनं गळत्यात, भाकरीत कचकच लागती म्हनत्यात. तुमच्या घरात गळती का वं माती?"

गोरक्षने त्या दिवशीचा एकमेव शब्द उच्चारला. "छे!"

आणि तो एक शब्द खरा करण्यासाठी, वाचकहो, त्याला आता सबंध छत बदलणे भाग होते. घर पसंत पडले तर सोयरीक पक्की, नाही तर नाही, असे मुलीचे वडील श्रीमंतराव यांनी स्पष्ट सांगितले होते. शनिवारी काष्टीच्या बाजारात ते बैल घेणार आणि जाता जाता घर पाहणार होते.

गिलाव्याची विद्या गोरक्षने काही अगदीच वाऱ्यावरून घेतली नव्हती. शाळेची नवी खोली बांधायला नबीलाल गवंडी दोन महिने येत होता आणि गोरक्ष वर्गाच्या खिडकीतून त्याचे काम पाहत असे. थापीवर माल घ्यायचा, मनगटाला हलका हिसका द्यायचा, फट! माल भिंतीला बसलाच. मग लाकडी रंध्याने गोल गोल घासायचे. नबीलालचा हात असा फिरे की भिंत मांजरासारखी डोळे मिटून घेईल! त्यात अवघड ते काय होते? शिवाय एकदा मधल्या सुट्टीत नबीलाल दुसऱ्या गवंड्याशी बोलताना गोरक्षने स्वतःच्या कानांनी ऐकले होते : "त्यात गूळ पडल्याबिगर पकड यायची न्हाई. जुन्या लोकांनी उगा न्हाई घातला. दोनशे वर्सं झाली, टवका उडाला न्हाई."

कशात पडल्याबिगर, ते विचारायला हवे होते. गोरक्ष दोन पावले पुढेही झाला होता. पण नबीलालने मान वर करून "काय गुरुजी?" म्हणताच त्याला घंटा वाजल्याचा भास झाला आणि तो वर्गात परतला.

आठ दिवसांपूर्वीच परमिटावर मिळालेले सिमेंट त्याच सकाळी घरी आले, वाळू आली, थापी आणि रंधा आला. फळ्यांना माल धरत नाही इतके त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने छताला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली. मग बाकावर बाक रचून तो वर चढला, थापीवर माल घेतला आणि मनगटाला हिसका दिला.

फट!

माल छताला लागला, क्षणभर विचारात पडला आणि गोरक्षच्या कपाळावर उतरला.

दुसरी थापी डाव्या डोळ्यात. तिसरी सदऱ्याच्या गळ्यातून थेट पोटापर्यंत. दुपारपर्यंत छत होते तसेच कोरडे होते आणि गोरक्षला मात्र सर्वांगी एकसारखा, सुबक गिलावा झाला होता!

"आरं, जरा हालचाल कर," रतनबाई दारातून म्हणाली, "न्हाई तर वाळून मारुती व्हशील. मी सारवून दिऊ का? शेनामातीचा हात फिरवते, चार वर्सं हालायचं न्हाई."

"आई, हे सिमेंट आहे. हे शास्त्र आहे."

शास्त्रात काय कमी पडले याचा विचार करता करता त्याला नबीलालचे शब्द आठवले. पकड! पकड येत नव्हती! कोपऱ्यात साखरपुड्याच्या लाडवांसाठी आणलेली गुळाची ढेप होती. त्याने ती फोडली, तपेल्यात विरघळवली आणि ते पाणी मालात ओतले.

आणि काय सांगावे! माल चिकटला! छताला चिकटला, जाळीला चिकटला, थापीला चिकटला, थापी गोरक्षला चिकटली. पण खाली काही पडले नाही. संध्याकाळपर्यंत अर्धे माजघर झाले आणि सोमवारी शाळा सुटल्यावर उरलेले. त्या रात्री आयुष्यात प्रथमच गोरक्ष स्वतःवर प्रसन्न होऊन झोपला. दुधात काही पडले नव्हते.

मंगळवारी त्याने छताला बोट लावले. बोट आत गेले.

"ओल आहे अजून," तो म्हणाला. "थंडीचे दिवस."

बुधवारी बोट आत गेले आणि बाहेर येताना सोबत गोळा घेऊन आले. "सिमेंट जुने दिसते." गुरुवारी भिंतीला टेकलेली रतनबाई भिंतीसकट पुढे आली. "वाळू बारीक पडली."

"आरं, नबीलालला इचार की येकदा!" रतनबाई पदर सोडवत ओरडली. "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

विचारण्याची संधी त्याच संध्याकाळी चालून आली. पारापाशी नबीलाल स्वतःच समोर उभा राहिला.

"गुरुजी, सिमिट नेलं म्हनं घरी. काम चालू हाय का? काय इचारायचं आसंल तर इचारा."

गोरक्षच्या जिभेवर सारे प्रश्न ओळीने उभे राहिले. तो म्हणाला, "यंदा थंडी फार आहे, नाही का?"

"हाय खरी," नबीलाल म्हणाला आणि निघून गेला. गोरक्ष त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिला. हाक मारण्याच्या अंतरापलीकडे तो जाईपर्यंत.

शुक्रवारी मुंग्या आल्या. प्रथम दोन, पाहणी करायला आल्यासारख्या. दुपारपर्यंत सबंध काष्टीच्या मुंग्यांचा बाजार त्या छतावर भरला. मग माश्या आल्या, मग गांधीलमाश्या. संध्याकाळी छताचा मधला भाग हळूच लोंबू लागला. गोरक्षने हताशपणे पेटीतली पांढरी चादर काढली, चारी कोपरे खिळ्यांना बांधले आणि छताखाली चांदवा ताणला. रात्रभर त्या चादरीवर थप्, थप् असे काही पडत होते. प्रत्येक आवाजागणिक आपले आयुष्य थोडे खाली येत आहे असे त्याला वाटले.

शनिवारी दहाच्या सुमारास पाहुणे आले. मुक्ताचे वडील श्रीमंतराव, अकोल्याकडे गुऱ्हाळ चालवणारे, गुलाबी फेटा बांधलेले. आणि त्यांची बहीण छबूबाई, जिच्या नजरेतून सुईचे नेढे सुटत नसे.

"घर झ्याक हाय," श्रीमंतराव चादरीखाली बसत म्हणाले. "वर ह्ये काय बांधलंय?"

"चांदवा," गोरक्ष म्हणाला. "शोभेसाठी."

"शोभा लई खाली आलीय," छबूबाई म्हणाली. खरोखरच ती चादर गाभण म्हशीच्या पोटासारखी फुगली होती आणि मधूनमधून हलतही होती. "आन त्या मुंग्या कुठं निघाल्या रांगेनं?"

"मुंग्या शुभ असतात," गोरक्षने सांगितले. असे त्याने कोठेही वाचले नव्हते.

रतनबाईने चहा आणला. श्रीमंतरावांनी बशी ओठाला लावली आणि चादरीतून एक जाड, करडा थेंब निघून नेमका बशीत पडला. त्यांना कळले नाही. ते प्यायले.

"च्या ग्वाड लई केलाय, इहीनबाई."

"मी तर बिनगुळाचा केला," रतनबाई दचकून म्हणाली. "गूळ सापडतच न्हाई रव्वारपास्नं."

दुसरा थेंब छबूबाईच्या मनगटावर पडला. तिने तो पाहिला, हुंगला आणि जिभेला लावला. 

"दादा," ती म्हणाली, "ह्यांचं छत ग्वाड हाय!"

"कायतरीच काय बोलतीस!"

"चाटून बघ! पन्नास वर्सं झाली मला, कुनाचं छत चाखलं न्हवतं, आज त्येबी झालं!"

श्रीमंतरावांनी मान वर केली. त्यांनी ती करायला नको होती. कारण चादरीनेही नेमका तोच मुहूर्त धरला. एक खिळा सुटला, दुसरा सुटला आणि सहा दिवसांचे सगळे शास्त्र, खुराड्याची जाळी, मुंग्या आणि वरची पाव गाडी माती यांच्यासह, धप्पकन पाहुण्यांच्या अंगावर उतरले!

धुरळा बसला तेव्हा माजघरात दोन पुतळे बसलेले होते. त्यांतल्या फेटेवाल्या पुतळ्याने मिशीवरचा माल बोटाने निपटला, चाखला आणि पिढीजात जाणकाराच्या आवाजात विचारले, "किती घातला?"

"एक ढेप," गोरक्ष पुटपुटला. "पकड यावी म्हणून."

"आरं माझ्या कर्मा! गूळ चुन्यात घालत्यात, चुन्यात! सिमिटात पडला तर सिमिट जनमभर बसत न्हाई. काकवी सांडून आमच्या गुऱ्हाळाचा अख्खा कट्टा वाया गेल्ता! गावात गवंडी न्हाई व्हय? इचारायचं न्हाई?"

"सिमेंट जुने होते," गोरक्ष म्हणाला. "आणि थंडीही..."

"थंडी?" छबूबाई उभी राहिली. तिच्या अंगावरून भिंतीएवढा पोपडा खाली पडला. "ऐका, गुरुजी. पोरीनं इचारलं, माती गळती का, तर तुमी छे म्हनलात. गळती म्हनला असता तरी पोरगी दिली असती. आमचं बी कौल गळतंच की! पन इचारलं तर खरं सांगायचं न्हाई, आन अडलं तर कुनाला इचारायचं न्हाई! आसल्या मानसासंगं आमच्या मुक्तानं बोलायचं तरी काय? का निस्तं छताकडं बघत बसायचं जनमभर?"

गोरक्षला यावर पुष्कळ बोलायचे होते. चांगली, बांधीव, अलंकारिक वाक्ये त्याच्या मनात तयार होती. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला; आज तर तो दिसतही नव्हता, मालात बुडाला होता.

श्रीमंतरावांनी फेटा उतरवून अंगणात झटकला. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो सोडवून घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला.

"येतो आमी," ते म्हणाले. "पोरीला दुसरं स्थळ बघतो. राग मानू नगा."

दोन करड्या आकृत्या बाजाराच्या दिशेने गेल्या. त्यांच्यामागून मुंग्यांची एक रांग वेशीपर्यंत गेली आणि आशा सोडून परत आली.

रतनबाईने लुगड्याचा काचा मारला, घमेले घेतले आणि माल गोळा करू लागली. गोरक्ष शेजारी बसून थापीने जमीन खरवडू लागला.  मग त्याची समजूत काढावी म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे, लेकरा. आपल्याला हजार पोरी मिळतील. आन तुला तरी ती कुठं पसंत हुती? तूच म्हनलास, माझं तसं काय न्हाई."

गोरक्षने थापी खाली ठेवली.

त्याला मुक्ता आवडली होती.