हा म्हंजे काय?

हिलालनाना स्वतः कधी आजारी नसत, तरी आठवड्यातून चारदा माझ्या चोपड्याच्या दवाखान्यात हजर असत. गावातलं कोणीही औषधाला निघालं की नाना सोबत. पेशंट माझ्यासमोरच्या खुर्चीत, नाना शेजारच्या स्टुलावर. त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं असलं तर नाना नुसते उभे राहून बघत. तो माणूस आपोआप उठे.

मी वीस वर्षं एकच वाक्य बोलत आलोय. गोळ्या लिहायच्या, चिठ्ठी सरकवायची आणि विचारायचं, "समजलं का?" पेशंट "हा" म्हणतो, की दोघांचीही सुटका. नाना येऊ लागले आणि ही सोय संपली. ते पेशंटकडे वळत.

"हा म्हंजे काय? काय समजनं ते सांग."

मग त्या माणसाने सगळं पुन्हा म्हणून दाखवायचं. बाहेर बाकं भरलेली, पंखा गरम हवा ढकलतोय, आणि आत तोंडी परीक्षा सुरू. पेशंट नापास झाला की मी पुन्हा शिकवायचं. खरं सांगतो, नाना दिसले की माझं डोकं आधीच दुखायला लागायचं. एकदा वैतागून म्हणालो, नाना, मी डॉक्टर आहे, मास्तर नाही.

"ते दिखस," नाना म्हणाले.

एका अक्कांना थायरॉइडची गोळी लागू पडेना. मी आपला डोस वाढवतोय. एका खेपेला नाना सोबत आले आणि परीक्षा झाली. मी गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती. उपाशी म्हणजे उपास, असं धरून अक्का ती फक्त सोमवारी आणि एकादशीला घेत होत्या. चतुर्थीला जमेल तशी. नानांनी चिठ्ठी उचलून परत माझ्यापुढे सरकवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात नाना एकटेच आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. हातात जळगावहून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट. आतड्यात गाठ होती. मी ऑपरेशनचं सांगितलं, पुढच्या औषधांचं सांगितलं, आणि सवयीने विचारलं, "समजलं का?"

"हा," नाना म्हणाले.

नाना, आणि नुसतं हा. मलाच चैन पडेना.

"हा म्हंजे काय, नाना?"

ते रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. मग हळूहळू सांगू लागले. बायकोच्या दुखण्यात धुळ्याच्या डॉक्टरांपुढे तेही असेच हा म्हणत राहिले होते. विचारायची लाज वाटली. ती कशाने गेली, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

"आज बठ्ठं समजनं, डॉक्टर, एकूणएक. पन घर जाईसन कोनले सांगू?"

मला स्वतःचीच शरम वाटली. टेबलाला वळसा घालून मी स्टुलावर जाऊन बसलो. ते एका पायाने डुगडुगतं, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

"मले सांगा," मी म्हणालो.

माझी कोल्हापुरी वळणाची अहिराणी ऐकून नानांनी आधी तोंड वाकडं केलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मना पोटमा गाठ शे," ते म्हणाले, आणि थांबून माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं का म्हणून.