आधी कूर्चा, मग हाड

वामनराव पडावावरच्या बाजारातून अंडी आणीत, ती कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी धरून.

"पंडितजी, खाते नहीं, तो क्या सेते हो?" अंडीवाला विचारी.

"हाँ भाई, वही," वामनराव अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या गांभीर्याने सांगत.

ते आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. मी गणित शिकवीत असे. अंड्यातल्या कोवळ्या गर्भाच्या पायातून कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, कण काढावा आणि तो काचेच्या बशीत ऊब देऊन वाढवावा, हा त्यांचा ध्यास. माणसाच्या गुडघ्यातली झिजलेली कूर्चाही उद्या अशीच पिकवता येईल, असे ते म्हणत. कण तांदळाएवढा झाला तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये स्वहस्ते पेढे वाटले. ते हात कुठून आले हे ठाऊक असल्यामुळे कोणी खाल्ले नाहीत.

"आधी कूर्चा, मग हाड," हे त्यांचे पालुपद. मुलगी पाहायला निघालेल्यांनाही ते हेच सांगत. आमचे मध्य भारत राज्य मोडून नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली तेव्हा म्हणाले, "हाडाला हाड जोडलं. मध्ये मऊ काही ठेवलंच नाही. वाजणार."

त्याच पुनर्रचनेत त्यांना भोपाळला बढती मिळाली. त्यांनी ती नाकारली. "बशीत हाड वाढतंय. हलवलं तर मरेल."

समजूत घालायला प्राचार्यांनी मला पाठवले. आधी मी प्रयोगशाळेत डोकावलो. पेटीतला ऊब देणारा दिवा विझलेला होता, बशीवर धूळ होती, आणि कण केव्हाच सुकून काळा पडला होता.

मग शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरी गेलो. अंड्यांचा कोट त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीच्या, आक्कांच्या, आज्ञेनुसार ओट्यावरच्या खुंटीला होता. आत वामनराव आक्कांच्या गुडघ्यांना कोमट तेल चोळीत होते. ते गुडघे आता उंबराही ओलांडू देत नव्हते.

"सांगा हो मास्तर याला, बिलकुल ऐकत नाही," आक्का म्हणाल्या. "माझ्यापायी अडला असता तर मी अन्न सोडलं असतं. पण हा अडलाय कोंबडीपायी!"

वामनराव खाली मान घालून चोळीत राहिले.

"तुम्ही हिशेबाचे माणूस. खरं सांगा, वाढतंय का हो ते हाड?" आक्कांनी मला विचारले.

वामनरावांचा हात थांबला.

"तांदळाएवढं होतं, आक्का," मी म्हणालो. "आता गव्हाएवढं झालंय."

हात पुन्हा चालू लागला.