पंख्याखालचं चौथं माणूस

उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला घाडीकाका आमच्या दारात येऊन उभे राहत, आत डोकावत आणि बोटाने आमची डोकी मोजत. आई एक, धाकटी बहीण शैला दोन, मी तीन. मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघून म्हणत, "एक कमी पडता. मी बसतंय." काखेतली चटई अंथरून ते पंख्याच्या बरोबर खाली बसत. त्यांना कुणी बोलावलेलं नसे आणि नको म्हणायचीही सोय नसे, कारण ते पाहुणे म्हणून येतच नसत. ते वीज वाचवायला येत.

ऐंशी सालानंतरची, आमच्या दिंडोशीच्या कॉलनीतली ही गोष्ट. घाडीकाका मालवणकडचे. पस्तीस वर्षं गिरणीत माग चालवलेले. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि काका घरी बसले ते डोक्यात एक सिद्धांत घेऊन. "आमच्या खात्यात एका मोटरीवर चाळीस माग चालायचे," असं ते भेटेल त्याला सांगत. "आणि तुमच्या घरात एका पंख्याखाली एक माणूस झोपता? शोभता काय?" हिशोब करकरून त्यांनी कमीत कमी आकडा चारवर आणला होता. एका पंख्याखाली चार माणसं हवीत, नाहीतर पंखा बंद.

नुसतं बोलून थांबणारे ते नव्हते. आई चहा ठेवायला उठली की डोकी तीनच उरत. काका तत्काळ उठून बटण बंद करत आणि आई परत येईपर्यंत आम्ही घाम पुसत बसायचो. शेवटी आई चहा तीनच्या आधीच करून ठेवायला लागली. समोरच्या बिऱ्हाडात फ्रिज आला तेव्हा काकांनी त्या वहिनींना आधी काय हवं ते ठरवा, मग दार उघडा, असं शिकवलं. त्यांचा स्वतःचा भात तर अर्धाच स्टोव्हवर शिजे. एक उकळी आली की पातेलं गोधडीत गुंडाळून ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत आणि तासाभराने मऊ भात बाहेर काढत. एकदा मी तो खाल्ला. भात झकास होता, नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

काकांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा मस्कतला. घरात काका एकटे, आणि त्यांचा पंखा म्हणे बायको गेली तेव्हापासून बंद पडलेला. आम्हाला वाटे, म्हणूनच ते दुपारची दुसऱ्यांची घरं धरतात.

त्या वर्षी शैलाची बी. कॉम.ची परीक्षा होती. डोक्याशी चौथं माणूस बसून चाळीस मागांची गोष्ट सांगतंय म्हटल्यावर अभ्यास कसला होतोय. एक दिवस ती माझ्यावर उखडली. "दादा, तू साकीनाक्याला रोज मोटरी रिवाइंड करतोस ना? मग काकांचा एक पंखा दुरुस्त करायला काय होतं रे तुला?"

मला ते एकदम पटलं. मी तेव्हा नुकता कारागीर झालो होतो आणि दिसेल ती मोटर उघडायची खाज होती. रविवारी सकाळी पक्कड, टेस्टर आणि स्टूल घेऊन मी काकांकडे गेलो. ते कशाला त्रास, कशाला त्रास, असं तीनदा म्हणाले. ती मला भीड वाटली. पंख्याची वाटी खाली सरकवली तर वाइंडिंग ठणठणीत. फक्त कंडेन्सरची एक वायर सुटलेली होती आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, अगदी घट्ट आणि नीटनेटकी. कुणातरी अर्धवट वायरमनचं काम, असं मी मनात म्हटलं. वायर जोडली. पाच मिनिटांत पंखा गरगरायला लागला. काका बराच वेळ वर बघत राहिले आणि "बरा झाला" एवढंच म्हणाले. कौतुक कमी पडलं म्हणून मी थोडा नाराजच घरी आलो.

सोमवारी काका आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मजल्यावर सगळे खूश. शैलाचा अभ्यास रेटून चालला होता. पहिली पाळी करून मी घरी येई आणि पंख्याखाली हातपाय ताणून पडे. पण गुरुवारी आईला राहवेना. तिने कैरीच्या पन्ह्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि काकांना देऊन यायला सांगितलं.

दार उघडंच होतं. काका उघड्या अंगाने खाटेवर बसले होते आणि घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होते. खोली भट्टीसारखी तापलेली. वर मी दुरुस्त केलेला पंखा स्वस्थ होता.

"काका, पंखा लावा ना," मी म्हणालो.

"एकटोच आसंय रे."

"मग आमच्याकडे का येत नाही?"

काकांनी वारा घ्यायचं थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खंयच्या तोंडान येऊ? माझो पंखो चालता."

मी तांब्या खाली ठेवला. ती चिकटपट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. गिरणीतल्या हाताशिवाय इतकं नीट कोण गुंडाळणार? बायको गेल्यावर या माणसाने स्वतः स्टुलावर चढून आपला पंखा बंद पाडला होता. दुसऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहायला त्याला तेवढं एकच कारण होतं आणि ते मी पक्कड चालवून हिसकावून घेतलं होतं. मला माझ्या कारागिरीची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी उठून बटण दाबलं. पंखा सुरू झाला, बिनआवाजाचा. मी मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काका, बेअरिंग वाजतंय. असा चालवला तर मोटर जळेल. कारखान्यात न्यावा लागेल."

पस्तीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगणारा तो माणूस. त्यांनीही डोळे मिटून नीट ऐकलं.

"वाजता खरा," ते म्हणाले. "ने बाबा."

घरून पक्कड आणि स्टूल आणून मी लगेच पंखा उतरवला. तो खांद्यावर घेऊन मी निघालो तर काका शर्टाची बटणं लावत माझ्या पुढेच गॅलरीत. भेटेल त्याला सांगत होते, माझो पंखो दुरुस्तीक चललो. आमच्या दारात आले. आई आणि शैला आत होत्या. काकांनी आज डोकी मोजली नाहीत, नुसतेच उंबऱ्याशी उभे राहिले. शैलाने पुस्तकं भिंतीकडे सरकवून त्यांच्या चटईपुरती जागा केली.

तो पंखा साकीनाक्याला आमच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली सात वर्षं पडून होता. शेठ अधूनमधून विचारायचे, हे कुणाचं काम अडकलंय? गिऱ्हाईकाला घाई नाही, असं मी सांगायचो. दर वर्षी उन्हं तापायला लागली की काकाही एकदा सगळ्यांच्या देखत मला विचारत, "काय रे झिला, माझ्या पंख्याचा काय?"

"बेअरिंग मिळत नाही, काका."

"बरा. मिळात तेव्हा मिळात," ते म्हणत आणि चटई अंथरत.